वरची खोली नकाशात नाही, हे आधी सांगा

मे महिन्यातली दुपार, साडेबारा वाजलेले, जळगावचं ऊन काय असतं ते इथल्यांना सांगायला नको, आणि घराची किंमत ठरवायला बँकेने पाठवलेला व्हॅल्युअर आमच्या गच्चीवर टेप घेऊन उभा. टेपचं दुसरं टोक मी धरलेलं. वरच्या खोलीचं माप झालं, बारा बाय चौदा, त्याने ते वहीत लिहिलं. मग फाइलमधला जुना मंजूर नकाशा काढला, उडू नये म्हणून कठड्यावर दोन विटा ठेवून पसरला, एकदा नकाशाकडे बघितलं, एकदा खोलीकडे बघितलं आणि आत्ताच लिहिलेल्या मापावर पेनाने आडवी रेघ मारली. "ताई, ही खोली नकाशात नाहीये, मला धरता येणार नाही." एवढंच बोलला आणि जिना उतरायला लागला.

खाली ओट्यावर घर घेणारे नवरा-बायको बसलेले होते. त्यांना हे तेव्हाच कळलं, कारण आम्ही सांगितलं नव्हतं. आम्ही खोटं बोललो नव्हतो, त्यांनी विचारलं असतं तर सांगितलंही असतं, पण त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही स्वतःहून तोंड उघडलं नाही. एक लाखाचा इसार झालेला होता. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो, रागावल्या नव्हत्या, फक्त नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "म्हणजे वरची खोली आपली नाही का?"

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. आपल्याकडे खान्देशात बिगरपरवानगी खोली, शेड, जिना, गॅलरी काही ना काही नाही असं घर शोधून सापडत नाही, आणि ही घरं रोज विकली जातात, रोज खरेदीखतं होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की असं घर विकायला काही हरकत नाही पण जे नकाशात नाही ते विकणाऱ्याने इसाराच्या आधी, स्वतःहून, लेखी सांगितलंच पाहिजे, आणि ते सांगणाऱ्याचं नुकसान होऊ नये ही सोय सरकारने केली पाहिजे. आज उलटं चाललंय, लपवणाऱ्याचा फायदा होतो आणि सांगणारा भोगतो.

आधी हे कबूल करू की हे वाढीव बांधकाम लोक हौसेने किंवा चोरीने करत नाहीत. आमच्या आजोबांचं चोपडा तालुक्यातलं घर धाब्याचं होतं, भाऊ वेगळे झाले की भिंत घालायची, सून आली की एक खण वाढवायचा, दरवर्षी पावसाळ्याआधी वर माती टाकायची, कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. त्याच घरात वाढलेली माणसं पुढे नोकरीला जळगाव, भुसावळ, धुळ्याला आली, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट घेतले आणि घर तसंच वाढवत राहिली. आमच्या अण्णांनी १९८६ ला पंधराशे फुटाचा प्लॉट घेतला, दुसऱ्या वर्षी नगरपालिकेतून नकाशा पास करून खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर बांधलं. जळगावला महापालिका झाली ती २००३ ला, त्यामुळे जुन्या घरांच्या फायली नगरपालिकेच्या काळातल्याच. मग १९९५ ला दादाचं लग्न ठरलं, वर एक खोली चढवली. बाजूच्या मोकळ्या पट्टीत मोरी आणि संडास घेतला. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून पुढच्या अंगणात जमिनीखाली हौद बांधला, धुळे-भुसावळकडच्या लोकांनी तर आठ-आठ दिवसांनी नळ आलेले दिवस काढलेत, तिथे हौद नसलेलं घर म्हणजे घरच नाही. आणि शेवटी गच्चीवर पत्र्याचं शेड, कारण ४५-४६ अंशात स्लॅब इतका तापतो की रात्री दोन वाजता पण भिंतीला हात लावला तर चटका बसतो, खाली झोपणं अशक्य होतं.

अण्णांची ती बांधकामाची वही आमच्याकडे अजून आहे. वरच्या खोलीचं पान बघितलं, सिमेंट ६० गोण्या, सळई ६ क्विंटल, गिरणेची वाळू ३ ब्रास, गवंड्याची हजेरी, मजुरांच्या चहाचे पैसे सुद्धा लिहिलेत. परवानगीच्या फीचा एक रुपया कुठे लिहिलेला नाही कारण तो भरलाच नव्हता. एवढा काटेकोर माणूस, एसटीतल्या नोकरीत कधी कुणाचा पैसा बुडवला नाही, त्याला हे चुकीचं आहे असं वाटलंच नव्हतं. आपल्या प्लॉटवर आपल्या पैशाने खोली बांधतोय, त्यात विचारायचं काय, असा साधा हिशेब. म्हणून मी असल्या घरांना सरसकट बेकायदा म्हणून हिणवणाऱ्यांच्या बाजूची नाही. पण अण्णांचा हिशेब ते स्वतः त्या घरात राहत होते तोपर्यंत ठीक होता. घर विकायला काढलं की त्यात दुसऱ्या माणसाची आयुष्यभराची कमाई येते आणि मग तो हिशेब पुरत नाही.

आता यातला सगळ्यात मोठा गैरसमज, जो मी जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून ऐकलाय. "घरपट्टी भरतो ना आम्ही वरच्या खोलीची, मग ती रेग्युलर झालीच." नाही होत. घरपट्टी लावणारा विभाग वेगळा, नकाशा पास करणारा नगररचना विभाग वेगळा. कर लावला म्हणजे बांधकाम मान्य केलं असा अर्थ कायद्यात कुठेच नाही, उलट महापालिका कायद्यात कलम २६७ अ आहे आणि नगरपालिका कायद्यात १८९ अ आहे, त्यानुसार बिगरपरवानगी बांधकामावर घरपट्टीच्या वर दंड म्हणून शास्ती लावता येते, आणि ती भरली तरी बांधकाम नियमित होत नाही. तसंच लाइट बिलाचं, तसंच खरेदीखताचं. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मुद्रांक बरोबर भरलाय का, माणसं खरी आहेत का ते बघतो, वरची खोली नकाशात आहे का हे बघायला तो घरी येत नाही. त्यामुळे इंडेक्स टू, म्हणजे खरेदी नोंदवल्याचा उतारा, हातात आली, घर नावावर झालं, तरी खोलीचा प्रश्न होता तिथेच राहतो, फक्त त्याचा मालक बदलतो.

आणि मालक बदलतो हेच महत्त्वाचं आहे. एमआरटीपी म्हणजे १९६६ चा नगररचना कायदा, त्याच्या कलम ५३ खाली बांधकाम काढायची नोटीस निघते ती आजच्या मालकाच्या नावाने. खोली बांधणारा कोण होता, त्याने किती नफा घेतला, तो आता पुण्याला मुलाकडे राहतो का, याच्याशी त्या नोटिशीला देणंघेणं नसतं.

माझ्या मावशीच्या मुलाने धुळ्यात रो-हाऊस घेतलं. पहिलंच घर, वीस वर्षांचं कर्ज. पुढची पार्किंगची जागा आधीच्या मालकाने भिंत घालून, शटर लावून दुकानाचा गाळा केलेला होता आणि "याचं भाडं येईल, हप्ता निघेल" असं सांगूनच घर विकलं होतं, म्हणजे किंमतीत तो गाळा धरलेला होता. आठ महिन्यांनी शेजारच्याशी गटारीवरून भांडण झालं, शेजाऱ्याने अर्ज टाकला, नोटीस आली. आधीच्या मालकाला फोन केला तर उत्तर काय, "तुम्ही बघूनच घेतलं ना, मी काय डोळे बांधले होते का." शटर काढलं, भिंत पाडली, भाडं गेलं, हप्ता तेवढाच राहिला. त्याची बायको शिकवण्या घ्यायला लागली त्या महिन्यापासून. मला त्या शेजाऱ्याचा राग येत नाही, कार्यालयाचाही येत नाही, मला राग येतो तो "बघूनच घेतलं ना" या वाक्याचा.

कारण काय बघितलं? भिंत दिसते, शटर दिसतं, परवानगी नाही हे डोळ्यांना दिसत नाही. नवीन रंग दिलेल्या खोलीखाली कॉलम किती जाडीचे आहेत, ते एका मजल्यासाठी टाकले होते की दोन, हे दिसत नाही. मोरीच्या फरशीखाली सेप्टिक टँक आहे आणि त्यावरच भिंत उभी केलीय हे तर अजिबात दिसत नाही. हे सगळं फक्त विकणाऱ्याला माहीत असतं.

कायद्यालाही हे माहीत आहे, आजचं नाही, १८८२ पासून. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की मालमत्तेत किंवा मालकीहक्कात काही महत्त्वाचा दोष असेल, जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता, तर तो विकणाऱ्याने सांगायलाच हवा, आणि न सांगणं ही फसवणूक आहे. शब्द स्पष्ट आहेत. आपल्या खरेदीखतात "मिळकत आहे त्या स्थितीत घेतली आहे" असं एक वाक्य हमखास टाकतात आणि विकणाऱ्याला वाटतं की सुटलो, पण ते वाक्य म्हणजे माहीत असलेली गोष्ट दाबून ठेवायचा परवाना नाही.

तरी यात एक पळवाट आहे आणि ती मान्य केली पाहिजे. "साधारण काळजी घेऊनही" हे तीन शब्द. विकणारा कोर्टात म्हणणार की घेणाऱ्याने नगररचना विभागात जाऊन नकाशा बघितला असता तर कळलं असतं, त्याने काळजी घेतली नाही. ऐकायला बरोबर वाटतं. पण प्रत्यक्षात तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची फाइल मिळवायला काय लागतं ते आम्ही स्वतःच्या घरासाठी अनुभवलंय. आमच्याकडची प्रत अर्धी वाळवीने खाल्लेली, सही-शिक्क्याचा कोपराच गेलेला, म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांची फी, कायद्याने तीस दिवसांत उत्तर, तरी पाच चकरा झाल्या. मालक असून आमची ही गत, तर जो अजून मालकच झाला नाही, नोकरीतून दोन दिवस सुट्टी काढून घर बघायला आलाय, त्याच्याकडून ही अपेक्षा करायची? माहिती ज्याच्या कपाटात पडलीय त्याने ती द्यावी हे सरळ आहे.

मग लोक सांगत का नाहीत? कारण किंमत. आमच्या सौद्यातला एजंट दादाला बाजूला घेऊन म्हणाला होता, "जाऊ दे ना भो, कोन बघतं एवढं, नकाशा हरवला म्हना, कॅशवाला गिऱ्हाईक आनतो." म्हणजे ज्याला बँकेचं कर्ज नको असा घेणारा. यात एक गोष्ट उघडी पडते ती अशी की बाजारात आज या घरांच्या दोन किंमती आहेत, एक रोखवाल्याची आणि एक कर्जवाल्याची. रोख आणणाऱ्याला सगळं माहीत असतं, तो त्याच खोलीवरून पाच लाख पाडून मागतो. जो फसतो तो कायम कर्जवाला, नोकरदार, पहिलं घर घेणारा, ज्याला हे प्रश्न विचारायचे असतात हेच माहीत नसतं. तर "सगळ्यांना माहीत असतं, सगळेच करतात" हे म्हणणं खरं नाही. ज्यांना माहीत असतं ते पैसे वाचवतात आणि ज्यांना माहीत नसतं ते पूर्ण किंमत मोजतात.

शिवाय ही लपवालपवी आता फार दिवस चालणारही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ ला मेरठच्या एका प्रकरणात, तिथे राहण्याच्या प्लॉटवर दुकानं काढली होती, देशभरासाठी निर्देश दिले, त्यात बँकांनी इमारत तारण घेताना कम्प्लिशन किंवा भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम नकाशाप्रमाणे पूर्ण झालं, राहायला हरकत नाही असा दाखला, तपासूनच कर्ज द्यावं असंही आहे. खान्देशातल्या स्वतंत्र घरांपैकी किती जणांकडे भोगवटा प्रमाणपत्र आहे ते आपापल्या गल्लीत विचारून बघा. माझ्या गल्लीत मी विचारलं, चौदा घरांत दोघांकडे निघालं. बाकीच्यांना हा कागद असतो हेच माहीत नव्हतं, नकाशा पास झाला, घर बांधलं, वास्तुशांत केली, झालं. बँका जसजशा कडक होतील तसतशी ही घरं फक्त रोखवाल्यांनाच विकता येतील, म्हणजे भाव पडूनच. आज जो लपवून पूर्ण भाव घेतो तो उद्याच्या विकणाऱ्याची, म्हणजे आज ज्याला विकतोय त्याचीच, अडचण करून ठेवतो.

आता आमचं पुढे काय झालं ते सांगते. व्हॅल्युअरने वरची खोली, शेड, मोरी-संडास काहीच धरलं नाही, कर्ज सहा लाखांनी कमी बसलं, त्या जोडप्याकडे सहा लाख नव्हते. इसार आम्ही पूर्ण परत दिला, दादा आधी तयार नव्हता, "सौदा त्यांनी मोडला, इसार का परत द्यायचा" असं त्याचं म्हणणं, आई एकच म्हणाली, "त्यांनी नाही मोडला रे, आपण सांगितलं नाही म्हणून मोडला." मग आर्किटेक्टकडे गेलो. त्याने अर्ध्या तासात सांगितलं जे आम्हाला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. प्लॉट १३९ चौरस मीटरचा, मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मापाच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१, खालचं-वरचं मिळून आपण त्याच्या बरंच आत आहोत, म्हणजे वरची खोली नियमात बसते. तिची परवानगी घेतली नव्हती एवढाच दोष. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या नव्या एकत्रित नियमावलीत तर १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नवीन घर बांधायचं असेल तर नकाशा आणि फी भरली की पोचपावती हीच परवानगी, एवढं सोपं करून ठेवलंय. आमचं बांधकाम आधीच झालेलं म्हणून ते तसंच ठेवू द्यावं असा अर्ज, विकास शुल्क, तडजोड शुल्क, आणि खोलीचा भार खालचं घर पेलतं असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, एवढं लागलं. चार महिने गेले, पाऊण लाखाच्या आत काम झालं. सहा लाखांचा खड्डा पाऊण लाखात भरला. मोरी-संडास मात्र बाजूच्या सामासिक अंतरात, म्हणजे जी पट्टी हवेसाठी, आग लागली तर माणूस जाण्यासाठी मोकळी सोडायची असते तिच्यात, ते नियमात बसत नाही आणि बसायलाही नको.

म्हणून माझा सरकारवरचा पहिला आक्षेप हा आहे की ही गोष्ट लोकांना वेळेवर कुणी सांगत नाही, आणि सांगतात ते योजनेच्या रूपात सांगतात. २००१ ला गुंठेवारी कायदा आला, १ जानेवारी २००१ च्या आधीचे, परवानगीशिवाय पाडलेले प्लॉट नियमित करायला. मग २०२१ ला दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० केली. मध्ये २०१७ ला एमआरटीपीत ५२ क आलं, प्रशमित संरचना, म्हणजे दंड भरून राहू दिलेलं बांधकाम, म्हणतात त्याला, त्यात ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामं. या योजनांनी लाखो लोकांची सोय झाली असेल, मी नाकारत नाही. पण प्रत्येक नव्या तारखेने लोक शिकले ते हेच की आत्ता अर्ज करू नका, थांबा, अजून एक तारीख येईल, निवडणूक आली की येईलच. ज्याने वेळेत पैसे भरून परवानगी घेतली तो मूर्ख ठरतो. त्यापेक्षा खिडकी कायम उघडी ठेवा. नियमात बसणारं जुनं बांधकाम वर्षभरात कधीही, ठरलेल्या दराने, ठरलेल्या दिवसांत नियमित करून मिळेल, आणि दर दरवर्षी थोडा वाढेल. जे नियमात बसत नाही, रस्त्यावर आलंय, नाल्यावर आहे, शेजाऱ्याची हवा अडवतं, त्याला कोणतीच तारीख नको.

दुसरी सूचना अनेकजण करतात ती म्हणजे मंजूर नकाशा आणि भोगवटा नसेल तर खरेदीखत नोंदवूच नका. मी याच्या विरोधात आहे, आणि खान्देशातल्या माणसाने तरी विरोधात असावं कारण तुकडेबंदीत काय झालं ते आपण बघितलंय. १९४७ चा कायदा, ठरलेल्या मापापेक्षा लहान जमिनीचा तुकडा पाडून विकायचा नाही. म्हणून काय गुंठे विकायचे थांबले? शहराच्या कडेला गल्ल्याच्या गल्ल्या शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी करून विकल्या गेल्या. स्टॅम्प आता पाचशेचा झाला, पद्धत तीच. त्यात सगळ्यात जास्त मार खाल्ला तो हमाल, गिरणी कामगार, बाहेरून मजुरीला आलेली माणसं यांनी, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं पैसे दिल्याचा कागद होता पण मालकी नव्हती. नोंदणीच बंद केली तर घरांचंही तेच होईल, आत्ता निदान खरेदीखत तरी होतं, मग तेही जाईल.

त्यापेक्षा एक पान सक्तीचं करा. इसार पावतीला जोडून. मंजूर नकाशा आहे की नाही, क्रमांक काय, त्याच्याबाहेर काय काय बांधलंय, साधारण कोणत्या साली, सेप्टिक टँक कुठे, हौद कुठे, कोणती नोटीस आली आहे का, शेजाऱ्याची तक्रार आहे का. खाली विकणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. खरेदीखत करताना तेच पान दस्ताला लावायचं. यासाठी वकील लागत नाही, आर्किटेक्ट लागत नाही, घरात राहिलेल्या माणसाला हे सगळं पाठ असतं. पान खोटं निघालं तर घेणाऱ्याला कोर्टात दहा वर्षं "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करत बसायला नको.

यावर जो आक्षेप येतो तो मला खरंच वजनदार वाटतो. नोंदवलेल्या दस्तात आपणच लिहून दिलं की हे बिगरपरवानगी आहे, तर तो आपल्याविरुद्ध पुरावा झाला, उद्या कुणी नक्कल काढून अर्ज टाकला तर? ही भीती खोटी नाही, मावशीच्या मुलाच्या बाबतीत एका अर्जावरच सगळं झालं. म्हणूनच सांगणाऱ्याला संरक्षण हवं. ज्या घराचं असं पान दस्ताला जोडलंय त्या घराला, धोकादायक किंवा सार्वजनिक जागेवरचं बांधकाम सोडून, नव्या मालकाला एक वर्ष मुदत द्या, त्या वर्षात त्याने नियमित करायचा अर्ज करावा किंवा जे बसत नाही ते स्वतः काढावं, तोपर्यंत कारवाई नाही. कलम ५३ ची नोटीस आल्यावर "बांधकाम राहू द्या" असा अर्ज करायची सोय कायद्यात आजही आहेच, मी म्हणते ती सोय नोटिशीची वाट न बघता, सांगितल्याच्या दिवसापासून द्या. लपवलेल्याला ही सवलत नाही. एवढं केलं तरी लोक आपणहून सांगायला लागतील, कारण सांगण्यात फायदा दिसेल.

आणि ज्यांचं काहीच नियमात बसत नाही त्यांचं काय, असं एका वहिनींनी मला विचारलं, त्यांचं घर भुसावळला, तीन बाजूंनी वाढवलेलं, एफएसआय केव्हाच संपलेला, नवरा गेला, मुलीच्या लग्नासाठी घर विकायचंय. त्यांना मी काय सांगणार? किंमत कमी येईल वहिनी, हे खरं आहे, आणि ती कमीच यायला हवी, कारण कमी झालेला तो पैसा घेणाऱ्याला पुढे लागणार आहे, पाडायला किंवा दंड भरायला. पण लिहून देऊन कमी किमतीत विकलेलं घर परत तुमच्या दारात येणार नाही. मुलीच्या लग्नानंतर दोन वर्षांनी कोर्टाचा कागद घेऊन कुणी उभं राहणार नाही. त्यांना ते पटलं की नाही मला सांगता येत नाही, त्या गप्प बसल्या होत्या.

आमचं घर दिवाळीच्या आधी विकलं. दुसरे घेणारे आले तेव्हा पहिल्याच दिवशी, पाणी द्यायच्याही आधी, आईने नकाशा टेबलावर ठेवला, नवीन परवानगीचा कागद ठेवला, आणि कोणती भिंत नकाशाबाहेर आहे त्यावर दादाने लाल पेनाने खुणा करून ठेवल्या होत्या त्या दाखवल्या. मोरी-संडासपोटी किंमत ऐंशी हजाराने कमी केली, घासाघीस न करता. खरेदीखताच्या परिशिष्टात वकील आधी लिहायला तयार नव्हते, "ताई, कशाला उगीच, कुणी लिहीत नाही असं," म्हणाले, मग आम्ही हट्टच धरला तेव्हा लिहिलं: पश्चिम बाजूच्या सामासिक अंतरातील मोरी व शौचालय, सुमारे ४५ चौरस फूट, सन १९९५ चे बांधकाम, मंजूर नकाशात समाविष्ट नाही, याची लिहून घेणार यांना पूर्ण कल्पना दिली आहे व त्याप्रमाणे मोबदला कमी केला आहे.

किल्ली देताना घेणाऱ्यांच्या आईने, वय झालेल्या, अहिराणीच बोलणाऱ्या, दादाला हाताला धरून मोरीत नेलं आणि टँकचं झाकण नेमकं कोणत्या फरशीखाली आहे ते विचारलं. दादाने चप्पल काढून पायाच्या अंगठ्याने ती फरशी दाखवली, दारापासून तिसरी.